लाल पाकिटातलं एक ब्लेड

फुलंब्री,
१२ जानेवारी २०२५

चि. सोमनाथ यास, आवडाआत्याचे अ. उ. आ. वि. वि.

फोन केला की तू मीटिंगमधी असतो, म्हणून ही चिठ्ठी. कागद मधीच कट करता येत नाय.

तुझ्या बापाला लकवा होऊन दिवाळीला वर्ष झालं. माझे मालक गेल्यावर मी भावाकडं आले ती सैपाकपाण्याला, अन् इथं वस्तरा हातात आला. सलूनवाला घरी येत नाय, त्यामुळं बन्सीदादाची दाढी रविवारी अन् गुरुवारी मीच करते, त्याच्याच पितळी रेझरनं. बाहेर पाटी लावावी म्हणते, आवडाबाई जेंट्स पार्लर. पहिलं गिऱ्हाईक असं भेटलंय की उठून पळूबी शकत नाय.

इथल्या दुकानातलं ब्लेड लई ओढतं. आज हनुवटीला लागलं. दादाला बोलता येत नाय, डोळ्यातून पाणी आलं तेवढं. चांगलं ब्लेड पाठव. आपला फकिरा रोज दुधाची गाडी घेऊन तुमच्या पुंडलिकनगरात येतो, त्याच्याजवळ दे. सकाळी जातो, दुपारी परत येतो. म्हणजे रस्ता चालू आहे.

अजून एक. धडधाकट होता तवा दादा आठवडाभर दाढी वाढवायचा अन् तू यायचा त्या दिवशीच करायचा, आठवतं ना? ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. आताबी दाढी झाली की दाराकडं तोंड करून बसतो. दिवाळीला तू उभ्याउभ्या येऊन गेलास, तवापासून असाच बसू राहिला.

लोभ उरला असंल तर तोबी गाडीत टाक, फकिरा त्याचं भाडं घेत नाय.

तुझी आत्या,
आवडाबाई


पुंडलिकनगर,
१५ जानेवारी

ती. आत्यास, सोमनाथचा सा. न. वि. वि.

चिठ्ठी माझ्याआधी मोनिकानंच वाचली. सुनेला तुझं पार्लर फार आवडलं.

सोबत तीन पाकिटं देतो. लाल महाग, निळं मधलं, हिरवं सगळ्यात स्वस्त. चिकलठाण्याला कंपनीत मी क्वालिटीलाच आहे, त्यामुळं नुसत्या अंदाजावर काही घेत नाही. तिन्ही वापरून बघ. एका ब्लेडमध्ये किती दाढ्या होतात, ओढतं का, संध्याकाळपर्यंत खुंट हाताला लागतात का, एवढं लिहून कळव. मग परवडेल ते एकदमच घेऊन टाकू.

यायचं मनात आहे. खरं सांगू का आत्या, अण्णांचं वाकडं झालेलं तोंड बघितलं की दोन दिवस घास उतरत नाही. मार्चमध्ये ऑडिट संपलं की येतो.

तू आहेस म्हणून मी इथं निर्धास्त झोपतो. तुझी माया आटू देऊ नको.

तुझा,
सोमनाथ


फुलंब्री,
२३ फेब्रुवारी

चि. सोमनाथ यास, अ. उ. आ. वि. वि.

साहेब, तुमचा रिपोर्ट तयार आहे. शिक्का तेवढा माझ्याकडं नाय.

लाल ब्लेडात पाच दाढ्या होतात. गालावरून कधी फिरलं ते कळतबी नाय, दोन दिवस गाल गुळगुळीत. निळ्यात तीन, चौथ्या खेपेला ओढतं. हिरवं पहिल्याच दाढीला करकर करतं अन् दिवेलागणीला खुंट परत हाताला लागतात.

तरीबी माझा पहिला नंबर हिरव्याला. हसू नको, इमानदारीनं सांगते.

दादाचा डावा हात तेवढा चालतो. तो गालावरून फिरवून बघतो. लालनं केली की दोन दिवस गाल साफ लागतो, अन् दोन दिवस त्याची नजर दारावरून हलत नाय. घासबी दारात बसून भरवावा लागतो. हिरव्यानं केली की दिवेलागणीला हाताला टोचतं. मग त्याला समजतं, आज कोणी येत नाय. मुकाट तोंड फिरवून निजतो. दीड दिवस वाट बघणं वाचतं. सांग, कोणतं ब्लेड परवडलं?

म्हणून येणार असशील तर लाल पाठव. येणार नसशील तर हिरवं. तेवढ्यावरून मी समजून घेईन, लिहायचे कष्ट तुला नकोत.

लोभ कितीबी कर, तो हाताला टोचला पाहिजे.

आवडाबाई


पुंडलिकनगर,
१ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

रिपोर्ट इतका व्यवस्थित आमची पोरंसुद्धा लिहीत नाहीत. हिशेब मांडला. दर दाढीला लालच स्वस्त पडतं. हिरवं बंद कर, अण्णांना त्रास नको. लालचं शंभर ब्लेडचं पाकीट फकिराजवळ दिलंय. आता बरेच दिवस काळजी नाही.

ऑडिट पुढं गेलंय, त्यामुळं माझं येणंही. बाकी तू लिहिलंस ते सगळं वाचलं.

रागावलीस तरी माया कर.

सोमनाथ


फुलंब्री,
६ एप्रिल

चि. सोमनाथ यास, आवडाआत्याचे आशीर्वाद. अनेक की एक, ते तू ठरव.

शंभर ब्लेडं. एकाच्या पाच म्हणलं तर पाचशे दाढ्या. आठवड्याला दोन. मी चौथी शिकलेली, तरी गणित जमलं. जवळजवळ पाच वर्षं. एवढ्या दिवसांची सोय लावून तू मोकळा झालास.

फकिरा पाकीट घेऊन आला तवा मी नुकतीच दादाची दाढी केली होती, उरलेल्या लाल ब्लेडनं. फकिरा दारातूनच वरडला, सोमनाथनं पाठवलंय म्हणून. तुझं नाव ऐकलं अन् दादानं डावा हात पुढं केला. तुझा हात धरायला, दुसरं काय? फकिराला काय माहीत, त्यानं त्या हातावर पाकीट ठेवलं. दादानं पाकिटाकडं बघितलं, मग फकिराच्या पाठीमागं बघितलं. मग पाकीट खाली पडलं.

त्या दिवसापासून दाढी बंद केली. महिना झाला. दादा आता भिंतीकडं तोंड करून निजतो, पोटभर जेवतो. मला वाटलं, सुटला बिचारा. परवा बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मीच येड्यावानी दारात पळाले. त्यानं मानबी वळवली नाय.

लोभ असू दे, असं या खेपेला लिहीत नाय.

आवडाबाई

ता. क. – नव्व्याण्णव ब्लेडं परत पाठवते, मोजून घे. एक ठेवून घेतलंय. आता आधी तू दारात, मग दाढी. वेळेवर आलास तर ते तुझ्या बापाच्या गालाला. नाय आलास तर तुझ्या डोक्याला. लाल पाकिटातलंच आहे, ओढणार नाय, भिऊ नको.