गाडीवरचं हिरवं-पिवळं पान

बाबा, नागोयाहून कानाएचा नमस्कार.

परवाना मिळून वर्ष झालं, म्हणून नवशिक्या चालकांचं चिन्ह, ते हिरवं-पिवळं पान, काल गाडीवरून काढलं. तेव्हापासून नुसता गोंधळ. परवापर्यंत सांभाळून घेणारे आता मागून चिकटतात, मध्ये घुसतात. मी काय एका रात्रीत तरबेज झाले? पान ठेवलं तरी चालतं म्हणे. मग काढायचं तरी कशाला? काहीच कळत नाही.

तिकडे अकितात बर्फ सुरू झाला का? आई सांगत होती, तुम्ही परत वळण चुकलात, आणि गाडीला म्हाताऱ्या चालकांचं चिन्ह लावा म्हटल्यावर रागाने जेवला नाहीत.

माझं पान सोबत पाठवतेय. ते लावा. म्हातारा नाही, नवशिका म्हणतील.

तुमची,
कानाए