एक्केचाळिसावी पेटी

४ मार्च, मंगळवार

पलंगाच्या कडेला मामा बसले की गादी नुसती त्यांच्याखालीच दबत नाही, शेजारचीही खचते. इति बाई, म्हणजे आमच्या भूशास्त्रज्ञ! गोदामात नोकरीला लागून अकरा दिवस झाले, आणि आज कुठे कळलं मी कसल्या पेट्या पुसतेय. दोन भूखंड एकमेकांवर आदळतात, मधलं सगळं चेपून वर येतं — डोंगर. त्याच्या भारानं पुढची जमीन वाकते, खळगा होतो. मग पाऊस तोच डोंगर झिजवून त्याच खळग्यात आणून ओततो. म्हणजे खड्डाही त्याचा, भरावही त्याचाच. असं कथानक मला सात जन्मांत सुचणार नाही!

आमच्या गोदामाखाली असाच एक भरलेला खळगा आहे. बोअरचं मशीन त्यातून दगडाच्या कांड्या काढतं. त्या वरून खाली अशा क्रमानं पेटीत लावायच्या — एवढंच माझं काम.

बाई वीस वर्षं एकच सांगतायत : डोंगराचा रेटा इथपर्यंत, या सपाटीखाली पोचलाय. ऑफिस म्हणतं, पुरावा दाखवा. शनिवारी मशीन परत जाणार.

माझ्या कादंबरीबद्दल विचारलं त्यांनी. म्हटलं, सुटी पानं आहेत, कुठूनही वाचा. "बरंय बाई तुझं," म्हणाल्या. "माझ्या दगडांना तेवढी ही सवय लावू नकोस."

५ मार्च

पेटी ४१ हातातून सटकली. पाय वाचला. कांड्या गोळा करून परत लावल्या, सांधे चपखल जुळले. कुणी पाहिलं नाही.

६ मार्च, गुरुवार

बाई नाचल्या. खरंच, चप्पल निसटेपर्यंत!

४१ बघत होत्या. मला खाली बसवलं. पुराचं पाणी संथावलं की आधी जड खडे बसतात, मग वाळू, शेवटी गाळ. म्हणून प्रत्येक थरात जाड खाली, बारीक वर. "आणि हे बघ. जाड वर." पेटीतले पाचही थर पालथे! म्हणजे रेटा इथं पोचला, थरांना घडी पडली आणि घडी उलटली. पुरावा!

मशीनवाले काका दारातूनच, "म्हणजे अजून महिनाभर आम्ही डासांना पोसायचं."

"पंखा देते."

"बाई, पंखा मागच्या वर्षीही देत होतात."

ऑफिसातले साहेब उद्या येतायत. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, हातवारे करून. आई म्हणाली, "डोंगर उलटला, छान. तुझं कपाट कधी लावतेस?"

७ मार्च, शुक्रवार

सकाळी ४१ पुसायला घेतली. एक कांडी फिरवली. तिच्या पोटाशी पिवळ्या खडूचा बाण. कांडी वर आली की काका तो काढतात, टोक आभाळाकडे.

टोक खाली होतं.

मी अख्खी रांग उलट्या टोकाकडून लावली होती. सांधे काय, उलट्या रांगेतही जुळतातच की, मूर्ख!

बाहेर साहेब गाडीतून उतरत होते. हातात ओलं फडकं. खडूच तो, एका फटक्यात गेला असता.

सांगितलं. साहेबांच्या देखतच — एकट्या बाईंना सांगायची छाती नव्हती.

बाई पेटीपाशी बसल्या. एकेक कांडी उचलून सुलटी लावत गेल्या. सव्वीस कांड्या.

"म्हणजे थर सरळच," साहेब म्हणाले.

"या पेटीतले, हो."

"मग मशीन उद्या..."

"हो."

काका नंतर मला एवढंच म्हणाले, "पोरी, तो बाण मी नक्षी म्हणून काढत नाही." यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

पाचला त्यांनी आजची, शेवटची पेटी आणून ठेवली. ४२, खिळे ठोकून. बाईंनी ती नुसती पाहिली. मग माझ्याकडे.

"हिला हात लावलायस?"

"नाही बाई. शप्पथ."

"उद्या लवकर ये. काकांनाही सांग."

मला वाटलं होतं काढूनच टाकतील.

८ मार्च

खिळे काकांनी उपटले. मी हात मागे बांधून उभी. सगळे बाण वर. आणि जाड खडे — तेही वर! वरची पेटी सुलटी, तिच्या लगेच खालची पालथी. म्हणजे डोंगर सरकत आला तो बरोब्बर या दोघींच्या मधून. मी बोलले नसते तर दोन्ही पालथ्याच दिसल्या असत्या आणि ती जागा कुणाला सापडलीच नसती, असं बाई म्हणाल्या. दोन पेट्यांमधल्या फटीवर त्यांचं बोट आहे, अर्धा तास झाला, उचलतच नाहीयेत. बाहेर काका ट्रकमध्ये चढवलेलं मशीनचं सामान परत खाली उतरवतायत.