हिरव्या-पांढऱ्या वायरींमधला खटका

बाबा,

दादाचा हातातला गेम कन्सोल मी पुन्हा उघडला. नको म्हणाला होतात, माहीत आहे. परवा आतलं वायफाय आणि बाहेरचं यूएसबी पोर्ट मी एकाच हिरव्या-पांढऱ्या डेटा वायरींना जोडलं, दोन्ही बंद पडली, आणि तुम्ही आपल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर हसलात, ‘हिने आपला काउंटरच सांभाळावा!’ चूक माझीच होती, कबूल. आता मध्ये खटका बसवलाय. वर केला की डेटा वायफायला, खाली केला की पोर्टला. दोन्ही मस्त चालतात. मागचं झाकण मुद्दाम उघडं ठेवलंय, खुशाल भिंग लावून सोल्डरचे जोड बघा. समोरच्या दुरुस्तीवाल्या काकांनी तेच बघून मला आजपासून त्यांच्या दुकानात कामाला टेबल दिलंय. जेवण झाकून ठेवलंय. काउंटर मात्र तुमचा तुम्ही सांभाळा.

— कालपर्यंतची काउंटरवाली