शिफारस केलेले रिझोल्यूशन माझ्या नकळत बदलल्याबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
जन्म-मृत्यू नोंद शाखा,
मध्यवर्ती अभिलेख कार्यालय.

अर्जदार : तपासनीस क्र. ७ (घरून काम करणारे)

विषय : संगणक तंत्रज्ञाविरुद्धची माझी तक्रार मागे घेण्याबाबत, तसेच माझ्या घरातील मॉनिटरचे रिझोल्यूशन अकरा महिने कोण बदलत होते ते कळवण्याबाबत.

संदर्भ :
१) घरून काम करणाऱ्यांसाठीचे आपले परिपत्रक, कलम ४ : "मॉनिटरचे रिझोल्यूशन 'शिफारस केलेले' हेच ठेवावे."
२) माझे अभिनंदनपत्र, दि. ९ जानेवारी, व त्यावर आपले आभाराचे उत्तर.
३) तंत्रज्ञाविरुद्ध माझी तक्रार, दि. ३ जून.
४) तंत्रज्ञास बजावलेली कारणे दाखवा नोटीस, दि. ८ जून.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, दि. ३ जूनची माझी तक्रार खोटी निघाली आहे. मी ती खोटी केली नव्हती. केली तेव्हा ती खरीच होती, निदान मला तशी दिसत होती. तंत्रज्ञाचा यात काडीचाही दोष नाही. तो कंत्राटी आहे आणि त्याचा खुलासा समाधानकारक न वाटल्यास येत्या सोमवारी त्याला कमी करण्यात येणार आहे, असे समजते. त्याला वाचवायचे तर मला सगळे खरे सांगणे भाग आहे, आणि सगळे खरे सांगितले की माझे तपासनीसपद राहत नाही. सेवेची चार वर्षे बाकी आहेत. तरीही सांगतो.

२. हा अर्ज जाड काळ्या पेनाने, हाताने लिहिला आहे. पानावर सातच ओळी बसल्याने पाने वाढली आहेत, त्याबद्दल क्षमा असावी. आमच्या घरात टंकलेखन येणारी व्यक्ती एकच आहे आणि हा अर्ज तिच्याविषयीच असल्याने तिला सांगणे प्रशस्त वाटले नाही.

३. माझे काम आपणास ठाऊक आहे, परंतु फाईल पुढे कोणाच्या टेबलावर जाईल हे सांगता येत नाही, म्हणून लिहितो. पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात जुन्या नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र असते, उजव्या अर्ध्या भागात त्याच नोंदीचा टंकलेला मजकूर. नाव, तारीख, वय, क्रमांक ताडून पाहायचे आणि 'जुळते' किंवा 'जुळत नाही' हे बटण दाबायचे. एवढ्यासाठी गेल्या वर्षी मी चोवीस इंची मॉनिटर घेतला. जोडून झाल्यावर रिझोल्यूशनची यादी उघडली. वर १९२० × १०८०, खाली उतरत उतरत ८०० × ६००. आकडा मोठा तर पडद्यावर मजकूर जास्त मावतो आणि अक्षर बारीक होते, आकडा लहान तर उलटे, एवढे मला दुकानदाराने समजावले होते. माझी पत्नी मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, मधलं एखादं ठेवा की. डोळ्यांना जरा आराम." मी तिला कलम ४ वाचून दाखवले. १९२० × १०८० पुढे कंसात 'शिफारस केलेले' असे लिहिलेच होते. मी ते निवडले आणि त्यानंतर ती यादी आजवर पुन्हा उघडली नाही, कारण परिपत्रकाने निवडलेल्या गोष्टीची फेरनिवड करणे माझ्या स्वभावात नाही.

४. त्याच महिन्यात नेत्रतज्ज्ञांनी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगून शस्त्रक्रिया सुचवली होती. मी नकार दिला. डोळ्याला कोणी हत्यार लावायचे ही कल्पनाच मला सहन होत नाही, हे येथे स्पष्ट लिहितो, कारण आता लपवून उपयोग नाही. त्याऐवजी मी डोळ्यांचे व्यायाम सुरू केले : तळवे एकमेकांवर घासून पापण्यांवर धरणे, बुबुळे गोल फिरवणे आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेले पक्षी मोजणे. घरी असेही जाहीर केले की, ज्या दिवशी अक्षर दिसणार नाही त्या दिवशी राजीनामा देईन, पण डॉक्टरकडे जाणार नाही.

५. व्यायामाच्या पंधराव्या दिवशी सकाळी पडद्यावरची अक्षरे एकाएकी ठसठशीत दिसू लागली. मला झालेला आनंद आपण समजू शकाल. दोन-अडीच महिन्यांनी नजर पुन्हा थकल्यासारखी वाटली, मी व्यायाम दुप्पट केला आणि आठवड्यात अक्षरे पुन्हा मोठी झाली. असे एकूण पाच वेळा घडले. एखादे बटण पडद्याबाहेर जाऊन सापडेनासे झाले की पत्नी म्हणे, "अहो, तुमच्या ऑफिसची नवीन आवृत्ती आलीय," आणि त्याऐवजी कोणती कळ दाबायची ते शिकवून जाई. तिने खोटे बोलावे असे मला वाटण्याचे काहीच कारण नव्हते. एकोणतीस वर्षांत ती माझ्याशी एकदाही गोडसुद्धा बोललेली नाही, खोटे कुठले बोलणार!

६. त्या नवीन आवृत्त्यांनी प्रभावित होऊनच मी संदर्भ क्र. २ चे अभिनंदनपत्र आपणास लिहिले. आपण त्याचे आभार मानलेत, त्यामुळे माझी खात्रीच पटली. आता कळते की, वर्षभरात कार्यालयाने एकही आवृत्ती काढलेली नाही. मग आभार कशाचे मानले गेले, हा प्रश्न मी या अर्जात उपस्थित करत नाही. मात्र मार्चच्या दृक्‌श्राव्य बैठकीत मी आपणास "साहेब, तब्येत छान भरलीय" असे सर्वांदेखत म्हणालो होतो, त्याबद्दल दिलगीर आहे. त्या सुमारास माझा पडदा १०२४ × ७६८ वर होता आणि ते चौकोनी माप रुंद मॉनिटरवर ताणले गेल्यामुळे सर्वच माणसे आडवी वाढलेली दिसत. माझ्या धाकट्या भावाला तर मी याच कारणाने जेवणावरून चार शब्द सुनावले होते.

७. येथवर नुकसान माझ्यापुरते होते. परंतु मी 'चष्म्याविना नजर' नावाची बारा पानी पुस्तिका लिहून तिच्या चाळीस प्रती कार्यालयात वाटल्या. तिघांनी माझ्या भरवशावर चष्मे काढून ठेवले. त्यांपैकी भांडारपालांनी एप्रिलमध्ये चार शाखांना शाईच्या जागी डिंकाच्या बाटल्या दिल्या, ते प्रकरण आपल्याकडे प्रलंबित आहे. त्यांनी माझे नाव घेतले नाही, हा त्यांचा मोठेपणा. मी तोवर बस थांब्यावरच्या पाट्यांचा रंग उडाल्याच्या तीन तक्रारी केल्या होत्या.

८. दि. २ जून रोजी तंत्रज्ञ वार्षिक तपासणीस आला, मी त्या वेळी टाकीवरचे पक्षी मोजत होतो. त्याने परिपत्रकाप्रमाणे रिझोल्यूशन १९२० × १०८० केले आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर अक्षरांच्या जागी मोहरी सांडलेली होती. मी त्याच तासाला, अंदाजाने, आपल्याकडे तक्रार हाताने लिहून धाडली की, तंत्रज्ञाने अक्षरांची नासधूस केली. नोटीस मिळाल्यावर तो बिचारा आपला तपासणी तक्ता घेऊन माझ्या घरी आला. त्याने मोठ्याने वाचले : "आढळलेले रिझोल्यूशन ८०० × ६००. केलेले १९२० × १०८०." मी त्याला नाही नाही ते बोललो. माझ्या घरात माझ्या परवानगीशिवाय पडद्याला हात लावणारे आहे तरी कोण, असे विचारले. पत्नी त्याच्यासाठी पाणी घेऊन आली होती. तिने पेला टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मी."

९. तिचा पुढचा जबाब जसाच्या तसा नोंदवतो : "डॉक्टरांचं तुम्ही ऐकलं नाहीत, माझं तर कधीच नाही. म्हटलं, पडदा तरी ऐकतोय तोवर ऐकू दे. दोन महिन्यांत आपणहून दवाखान्यात चलाल असं वाटलं होतं. तुम्ही तर पुस्तिका छापलीत! मग कोणत्या तोंडानं सांगू? सकाळी त्या पडद्याला नाक लावून बसायचात, ते बघवायचं नाही मला." यानंतर तिने एक वही आणून माझ्यापुढे ठेवली. कोणत्या तारखेला कोणते रिझोल्यूशन केले आणि त्या दिवशी मला काय दिसले, काय नाही, याची त्यात नोंद आहे. मला ती वाचता येईना, म्हणून तिनेच वाचून दाखवली. आपल्याविरुद्धचा पुरावा आरोपीने फिर्यादीला स्वतः वाचून दाखवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही. तंत्रज्ञ अर्धा पेला पाणी हातात धरून ऐकत होता.

१०. एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. परंतु तंत्रज्ञाने स्वतःच्या बचावासाठी माझ्या खात्याच्या वापराच्या वेळाही छापून आणल्या होत्या. त्यांत रोज दुपारी दोन ते चार काम झाल्याचे दिसते. त्या वेळेत मी झोपलेला असतो. पत्नी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली आहे आणि दुसऱ्याच्या कागदावर लाल रेघ मारल्याशिवाय तिला जेवण पचत नाही. पासवर्ड मीच तिला सांगून ठेवला होता, कारण माझ्या तो लक्षात राहत नाही. मी सकाळी 'जुळते' केलेल्या नोंदी ती दुपारी पुन्हा ताडून पाही. अकरा महिन्यांत तिने दोनशे चौदा ठिकाणी माझे 'जुळते' बदलून 'जुळत नाही' केले आहे. एक माणूस एकतिसाव्या वर्षी वारला होता. टंकताना त्याचे एक्याऐंशी झाले होते आणि मी ते डोळे झाकून मान्य केले होते. तिच्यामुळे तो पुन्हा एकतीस वर्षांचा झाला.

११. याच वर्षी आपण मला 'शून्य चूक' प्रमाणपत्र दिलेत आणि भरसभेत म्हणालात की, यांच्या नजरेतून काही सुटत नाही. पत्नी पहिल्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या. महोदय, रिझोल्यूशन बदलले ते मी एक वेळ गिळले असते. पण त्या टाळ्या माझ्या घशाखाली उतरत नाहीत. चहात साखर जास्त पडली, खिळा वाकडा ठोकला, उंबऱ्यात चप्पल उलटी काढली, यातली एकही चूक या बाईने मला आजवर माफ केलेली नाही. आणि ज्या चुका दाखवायला हव्या होत्या, नेमक्या त्याच तिने माझ्यापासून लपवल्या. परक्याने केसाने गळा कापला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. हिच्याशी काय भांडायचे? मला फार वाईट वाटले आहे, आणि त्यासाठी कार्यालयीन भाषेत शब्द सापडत नाही.

१२. सबब विनंती की, तंत्रज्ञास दिलेली नोटीस तात्काळ रद्द व्हावी आणि माझ्या चुकीच्या तक्रारीची नोंद त्याच्या नव्हे, माझ्या सेवापुस्तकात घ्यावी. मला तपासणीच्या कामातून मुक्त करावे. 'शून्य चूक' प्रमाणपत्र सोबत परत करत आहे; काच फुटलेली आहे, ती मी फोडली. भांडारपालांच्या प्रकरणात दोष माझ्या पुस्तिकेचा धरावा. एकतीस प्रती मी परत मिळवल्या आहेत. गेल्या जुलैपासूनच्या माझ्या सर्व नोंदी नियमानुसार फेरतपासाव्यात, त्यांत काही सापडणार नाही हे मला माहीत आहे. तसेच कलम ४ मध्ये अशी भर घालावी की, कर्मचाऱ्याच्या घरी रिझोल्यूशन बदलणाऱ्याने तसे कर्मचाऱ्यास तोंडावर सांगावे, मग तो कितीही ओरडला तरी.

१३. पहिल्या मसुद्यात मी अनधिकृत व्यक्तीने खाते वापरल्याबद्दल पत्नीवर कारवाईची मागणी केली होती. ते पान काढून टाकले आहे. आमच्यात सध्या अबोला आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचे थेंब ती दिवसातून चार वेळा माझ्या डोळ्यांत घालते, परंतु त्या वेळी आम्ही दोघेही बोलत नाही.

१४. होय, शस्त्रक्रिया दि. २० जून रोजी ठरली आहे, तरी त्या दिवसापासून रजा मंजूर व्हावी. रुग्णालयाच्या अर्जाची प्रत त्यासाठी जोडली आहे. त्या अर्जात एक रकाना आहे : 'रुग्णास कागद वाचून दाखवणारा विश्वासू नातेवाईक'. खिडकीवरच्या कारकुनाने माझे बोट धरून त्या जागेवर टेकवले आणि समजावले की, ती व्यक्ती जे वाचेल तेच कागदावर लिहिले आहे असे धरून मला सही करावी लागेल. मी दोन दिवस विचार केला. दुसरे नाव सुचले नाही. तिचे नाव मी माझ्या हाताने लिहिले आहे. 'विश्वासू' हा शब्द मात्र मी खोडला, 'नातेवाईक' तेवढा ठेवला, आणि खोडलेल्या जागी नियमाप्रमाणे सही केली. रेघ नेमकी त्याच शब्दावर पडली की शेजारच्या, हे मला दिसत नाही, आणि तिला विचारायचे नाही असे मी ठरवले आहे. आपणास जो शब्द शिल्लक दिसेल तो ग्राह्य धरावा.

आपला नम्र व तूर्त अंदाजाने सही करणारा,

(सही)
तपासनीस क्र. ७
दि. १२ जून