पेटीतलं हृदय आणि लग्नाचा बर्फ

२८ एप्रिल, सोमवार

पेटीत असतं तेवढा वेळ ते हृदय कोणाचं? बाबांनी जेवताना विचारलं. "ज्याचं होतं तो गेला. ज्याले द्याचं त्याले अजून भेटलं नाई. मंग मदात ते कोनाचं?"

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी! हैदराबादच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम करणारं मशीन चालवायला शिकते — आणि हा प्रश्न आमच्या पुस्तकात नाही. इथे लिहून ठेवते.

आई म्हणाली, "जेवू द्या तिले. भावाच्या लग्नाले आली पोरगी, तुमच्या परीक्षेले नाई."

३० एप्रिल

नागसेनदादाच्या लग्नाच्या पत्रिका वाटत भीमपूरपर्यंत जाऊन आले. जिथे जावं तिथे एकच प्रश्न — दुसऱ्याचं हृदय नेतात तरी कसं? मी सांगते, बर्फाच्या पेटीत. चार तास, फार तर थोडं जास्त. त्यानंतर ते आतून थकत जातं. नव्या छातीत बसवलं तरी नीट चालेल याचा भरवसा नाही.

मार्चमध्ये प्रगतीताईंसाठी जुळलेलं हृदय असंच सोडावं लागलं. फार लांब होतं. प्रगतीताई बासरच्या, शाळेत शिकवतात. आमच्या वॉर्डात आहेत. खाटेवरून उठून बाथरूमपर्यंत गेल्या तरी धाप लागते. मी निघताना म्हणाल्या, "लग्नाचा लाडू आणशील ना? की तोवर मी —" पुढचं बोलूच दिलं नाही.

आमच्याकडे याच महिन्यात आलेल्या नव्या यंत्राचं मात्र कोणाला सांगितलं नाही. त्यात हृदय गार नसतंच! उबदार रक्त त्यातून फिरत राहतं आणि ते धडधडत राहतं. म्हणून जास्त वेळ टिकतं. पण हे दारात उभं राहून कोण समजावणार? 'बर्फ' म्हटलं की लगेच कळतं लोकांना.

३ मे, शनिवार

दादाची हळद चालू, आणि यामिनी मॅडमचा फोन! मशीन मला त्याच शिकवतात. नागपूरला हृदय मिळतंय. प्रगतीताईंशी जुळतंय! वादळामुळे विमान नाही, म्हणून यंत्र घेऊन गाडी रस्त्यानेच निघाली आहे. "तुमच्या फाट्यावरूनच जाणार. यंत्रावरच्या हेरंबला ताप आलाय, माझ्यासोबत दुसरं कोणी नाही. येशील?"

मी दादाकडे पाहिलं. उद्या लग्न!

चेहरा पिवळाधमक, आणि म्हणतो कसा, "माह्यं लग्न तुयाबिगर लागते. ते काम तुयाबिगर होते का?"

"नाही."

"मंग उभी काऊन आहे?"

हात तीनदा धुतले. नखांतली हळद जात नाही.

४ मे, रविवार. गाडीत

अक्षर हलतंय. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही — पेटीत हृदय धडधडतंय! मी आणि मॅडम आळीपाळीने आकडे बघतो. आत्ता त्यांची पाळी.

सकाळी नागपूरला हृदय काढण्याआधी सगळे डॉक्टर क्षणभर हात जोडून उभे राहिले. बाहेर देणाऱ्याच्या घरची माणसं बसली होती. मला त्यांच्याकडे वर बघता आलं नाही.

निघाल्यावर दादाला एकच शब्द पाठवला, 'निघालो'. तिथेच घोळ झाला! पैनगंगेचा पूल ओलांडला, आमचा फाटा आला, आणि हायवेच्या कडेला अख्खं लग्न उभं! दादा, नवी वहिनी, पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार. बाबा दोन्ही हात हलवतायत — थांबा, थांबा! आणि पुढे हातगाडीवर पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी, पाणी गळत असलेली. सरबताचा बर्फ! चार तास होत आले म्हणून हृदयासाठी आणलेला!

मॅडम म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबायचं का? यंत्रात वेळ आहे."

वेळ होता. पण तो माझा नव्हता. प्रगतीताईंचा होता.

"नको, मॅडम."

आई वाकून गाडीच्या काचांत मला शोधत होती. मी आतून काचेला हात लावला. दिसला की नाही, कोण जाणे. गाडी पुढे गेली. मी हसत होते आणि नाक पुसत होते.

५ मे

बसवलं — आणि चालू लागलं!!

६ मे

दादाशी बोलले. "अवो बाई, बर्फ घेऊन उभे होतो ना! आख्ख्या मांडवाले कोमट सरबत पाजलं तुयापायी." मग मी यंत्राचं समजावलं. तिकडून बाबांचा आवाज — "गरम? अन् आमी तिथवर हातगाडी ढकलत नेली!" मागे आई आणि वहिनी इतक्या हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला.

२१ मे

प्रगतीताई आज वॉर्डाच्या दारापर्यंत चालत गेल्या. धाप नाही! बाहेरचं खाणं बंद आहे, तरी लाडवावरून माझ्याशी भांडल्या.

तिथून मी खाली अवयवदानाच्या ऑफिसात गेले. मग घरी फोन केला. माझंही नाव अवयवदानात, हे ऐकून आई भडकली — "घरात नवी सून आली, अन् हे कसं अभद्र बोलनं!" बाबांनी तिच्याकडून फोन घेतला. मग म्हणाले, "मले पयले विचारलं असतं तं?"

"तुम्ही काय म्हटलं असतं?"

"नाई म्हटलं असतं."

"म्हणूनच नाव नोंदवून मग फोन केला, बाबा."