अण्णांचा चंदनी साबण

नाशिक, १७ मे १९९८, रविवार

अंगाच्या साबणाचे झिजलेले तुकडे डब्यात साठवायचे, डबा भरला की किसून, धुण्याचा सोडा घालून शिजवायचे आणि कपड्यांसाठी वड्या पाडायच्या, हे मला आईनेच शिकवलेलं. आज तेच करायला बसले.

बाथरूमच्या खिडकीतल्या बंद साबणदाणीत एक चंदनी तुकडा दिसला. सुकून भेगा पडलेला, नखाएवढा. तोही किसला. विचारलं का नाही मी? आमच्या घरात चंदनी साबण वापरतं कोण? अण्णा गेल्यावर आई निफाडहून इकडे राहायला आली, तेव्हा साबणदाणी तिनेच आणली होती.

आई पातेलं ढवळायला आली आणि वासानेच थबकली. जाऊन साबणदाणी उघडून पाहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"जाऊ दे गं," म्हणाली. "उरला होताच केवढासा!"

नखाएवढा. तेवढा एक तुकडा सोडता आला नाही मला.

दुपारी वड्या जरा घट्ट झाल्यावर तिने ट्रंकेतून अण्णांचा सदरा काढला. ते गेल्यापासून तिने तो कुणाला धुऊ दिला नव्हता. मी "आई, नको" म्हणेपर्यंत नवी वडी घेऊन मोरीत बसली, खसाखसा घासलासुद्धा.

आता सदरा वाळलाय. हळूच नाकाशी धरला. लिंबाचा, कडुनिंबाचा, पोरांच्या गुलाबी साबणाचा, आम्हा सगळ्यांचा वास येतोय त्याला. अण्णांचा तेवढा नाही.