कोऱ्या निकालावरची तिसरी सही

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारचे तीन

प्रिय धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला तुला अनेक आशीर्वाद लिहायची माझी सवय. आज ते लिहायला हात धजत नाही. तू बरी असशील, असं धरून चालतो.

आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. मी दिलेल्या गोळ्या ती घेत नाही. शेजारीण सांगेल तो काढा मात्र न चुकता पिते. वर मलाच ऐकवते, "घरात फार्मासिस्ट असून काय उपयोग? नुसतं तोंड चालतं." दुकान बरं चाललंय. तू पाठवलेली शाल तुझी वहिनी दिवसभर अंगावर घेऊन मिरवते, उकडत असलं तरी.

मागच्या फोनवर तू विचारलं होतंस, "दादा, तुझ्या त्या कायद्याचं कुठवर आलं?" मी "येतोय, येतोय" म्हणून विषय बदलला होता.

तर मसुदा आला आहे. डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट अशा सगळ्यांची नोंदणी ठेवणारी आणि सगळ्यांच्या चुका तपासणारी आपली परिषद मुळापासून बदलणार आहे. आजवर तिथे बसायचे कोण? ज्यांना आमच्याच व्यवसायातल्या लोकांनी मतं देऊन पाठवलं ते. ज्याच्या मतावर निवडून यायचं, त्याच्याच चुकीचा न्याय करायचा! दार बंद, निकाल दोन ओळींचा आणि कारण विचारायची सोय नाही. कुंपणालाच शेत राखायला सांगितलं आणि पीक कुठे गेलं म्हणून पंचनामा केला! आता सुनावणी उघड होईल, निम्मे सदस्य बाहेरचे असतील, तक्रार करणाऱ्यालाच आरोपी करणं बंद होईल...

बघ, सुरू झालं भाषण. समोर टाळ्या वाजवायला कोणी नसताना.

हेच भाषण मी दोन वर्षं गावोगाव करत आलो. त्यात एक गोष्ट हमखास सांगतो. ऑपरेशन झालेला एक रुग्ण खालावत जातो. वॉर्डातली परिचारिका सर्जनला तीनदा फोन करते, तिन्ही वेळा केसपेपरवर टिपून ठेवते. सर्जन येत नाहीत. रुग्ण दगावतो. परिचारिका तक्रार करते, तेव्हा सर्जन म्हणतात, फोन आलेच नाहीत, या वेळा हिने मागाहून घुसडल्या. परिषद त्यांचं खरं मानते आणि खोट्या नोंदीबद्दल तिचंच नाव नोंदवहीतून काढून टाकते. इथे मी थांबतो, पाणी पितो. मग टाळ्या.

तुझं नाव मी कधी घेतलं नाही. तुझी अब्रू जपतो, असं स्वतःला सांगत होतो.

आता जे सात वर्षं सांगितलं नाही ते.

परिषदेत आमची एक पद्धत होती. आमचा कारकून, ज्याला आम्ही घाईकाका म्हणायचो, तो सकाळी दहाला कोऱ्या निकालपत्रांचा गठ्ठा पुढे ठेवायचा. "सर, सह्या उरकून घ्या, म्हणजे जेवणाला उशीर नको." आम्ही तिघं सदस्य गप्पा मारता मारता सह्या करायचो. मग सुनावणी. मग वरच्या कोऱ्या जागेत तो निकाल टाइप करायचा. कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

तुझं प्रकरण पुकारलं तेव्हा मी उठलो. "ही माझी सख्खी बहीण आहे, मी बसणार नाही," म्हणालो आणि बाहेर गेलो. लोक म्हणाले, माणूस तत्त्वाचा! पण निकालाला तिघांच्या सह्या लागतात. मी उठल्यावर सुनावणी पुढे ढकलून दुसरा सदस्य आणायला हवा होता. ती ढकलली गेली नाही, कारण सह्या सकाळीच झाल्या होत्या. तुझं नाव कापणाऱ्या कागदावर तिसरी सही माझी आहे. तुला आलेल्या पत्रावर फक्त कारकुनाचा शिक्का होता. सह्यांचा कागद फाइलीतच राहतो.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तीन आठवड्यांनी घाईकाका दुकानात आला. "सर, ताईंच्या निकालावर तुमची सही गेलीय. त्यांनी अपील केलं तर पंचाईत होईल. मुदतीचे आठ दिवस उरलेत."

मी म्हणालो, "बघू."

त्याच आठवड्यात तू घरी आली होतीस. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या विचारलंस, "दादा, अपील करू का?" आणि मी म्हणालो, "कशाला दगडावर डोकं आपटतेस? निकाल पक्का आहे." तू म्हणालीस, "तू उठून गेलास ते बरं केलंस हं. माझ्यापायी तुझ्यावर बोट नको."

तो एक कागद उघडला असता तर मागच्या चार वर्षांचे सगळे कोरे कागद उघडले असते. आणि पुढच्या महिन्यात परिषदेची निवडणूक होती. मला पुन्हा निवडून यायचं होतं. बाकी काही कारण नाही. मी पुष्कळ शोधलं.

आज तू त्या वृद्धाश्रमात मदतनीस आहेस. इंजेक्शन द्यायचं झालं की तुझ्या हाताखाली शिकलेली पोर येते, आणि तू तिथल्या आजोबांचा दंड धरून बसतेस. हे तूच हसत हसत सांगितलंस. मीही हसलो होतो.

गेल्या महिन्यात एका भाषणानंतर एक तरुण परिचारिका व्यासपीठापाशी आली. म्हणाली, "सर, त्या ताईंचं पुढे काय झालं?" मी म्हणालो, "कल्पना नाही." पाठच्या बहिणीबद्दल, धाकटे! ती पोर बिचारी "अरेरे" म्हणून गेली. त्या दिवसानंतर मी एकही भाषण केलं नाही. आईला वाटतं घसा बसलाय.

आज सकाळी मसुद्यावरच्या समितीपुढे माझी साक्ष होती. मुद्दे लिहून नेले होते, ते काढलेच नाहीत. कोऱ्या कागदांचं सगळं सांगितलं. समितीच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "ही परिचारिका तुमची कोण?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग सात वर्षं काय करत होतात?" कोणीतरी मागे हसलं.

उद्या वर्तमानपत्रांत येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र माणसाच्या हाती पाठवतो आहे. माझ्या साक्षीची प्रत सोबत आहे. दोनच सदस्यांनी ऐकलेल्या प्रकरणाचा निकाल टिकत नाही, असं अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं. फेरसुनावणी आजही मागता येते, पण अर्ज तुझा हवा. तुझ्या वतीने दुसरा कोणी करू शकत नाही. तुझा नोंदणी क्रमांक परिषदेने दुसऱ्या कोणाला दिलेला नाही, एवढं मी विचारून घेतलं.

सुनावणीत मला बोलावतील. तुझा वकील विचारील त्याला मी "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर देईन. स्वयंपाकघरात काय बोललो तेही विचारायला सांग.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देऊन टाकशील, आणि अर्ज राहून जाईल. मी तुला ओळखतो. आधी अर्ज कर. त्यानंतर माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरव. नाही बोललीस तरी मी साक्षीला वेळेवर हजर असेन.

तुझ्याविरुद्ध सही केलेला, तुझ्या बाजूचा साक्षीदार,
दादा